त्यांच्या पश्चात

बसमध्ये चढताना मी 'गुड मॉर्निंग' म्हणालो नाही. एवढंच झालं. वाकून आत शिरलो, मागच्या बाकावर खिडकीजवळ जागा दिसली, दोघांचे गुडघे ओलांडले आणि बसलो. आत बारा-तेरा माणसं होती. ती बोलत होती, आणि मी बसल्याबरोबर सगळी एकदम गप्प झाली. माझ्या पुढच्या बाकावर जांभळी टोपी घातलेली एक म्हातारी होती, मांडीवर कापडाने झाकलेली टोपली. तिने मान वळवली नाही. समोरच्या काचेकडे बघत, पण सगळ्या बसला ऐकू जाईल अशा आवाजात ती म्हणाली, "काय हो मिस्टर, काल रात्री आपण एकाच अंथरुणात होतो का? नाही, सकाळी वेगळं काही बोलायची गरज तुम्हाला पडली नाही, म्हणून विचारलं." बस खो खो हसली. ड्रायव्हर आरशातून माझ्याकडे बघत म्हणाला, "सोडा हो मिस ऑर्टन्स. बोटीवरचा आहे तो. त्यांच्यात नसतं तसलं काही." मी घाईघाईने 'गुड मॉर्निंग' म्हणालो. इतक्या उशिरा म्हटलेलं ते कुणाच्याच उपयोगाचं नव्हतं. "आता कसं," म्हातारी म्हणाली. "पैसे पडत नाहीत त्याला."

बोटीवरचा. गळ्यात बोटीचं कार्ड होतं, डोक्यावर बोटीवर मिळालेली पांढरी टोपी होती, पायांत मोज्यांवर सँडल होत्या. ड्रायव्हरचं काय चुकलं? तरी ते मला लागलं. म्हातारीचा टोमणा नाही लागला, तो तर ओळखीचाच होता. माझ्या आत्याच्या, टँटी डोराच्या तोंडून मी तो शंभरदा ऐकला होता. टँटी डोरा आम्हा भावंडांना नुसतं बोलून सोडत नसे. मी किंवा धाकटी फिलो काही न बोलता घरात शिरलो, की ती आम्हाला परत फाटकाबाहेर पाठवायची आणि पुन्हा आत यायला लावायची. एकदा तिने मला कोंबड्यांच्या खुराड्यासमोर उभं करून प्रत्येक कोंबडीला वेगवेगळं 'गुड मॉर्निंग' म्हणायला लावलं, आणि फिलो पायरीवर बसून मोजत होती, एक सुटली, ती तपकिरी सुटली, टँटी, त्याने तिला म्हटलंच नाही. पुढे मी इतका धास्तावलो की दुपार असो, तिन्हीसांजा असो, फाटकातूनच 'गुड मॉर्निंग' ओरडत आत यायचो. तेही चुकीचंच होतं, त्यावरही बोलणी बसायची. मग एकोणिसाव्या वर्षी मी विलायतेला गेलो, इंग्लंडात, हल नावाच्या थंड बंदरात, आणि पहिल्या आठवड्यात तिथल्या बसमध्ये चढून सगळ्यांना मोठ्याने 'गुड मॉर्निंग' म्हणालो. लोकांनी खिडकीकडे तोंडं फिरवली. एका बाईने पर्स जवळ ओढली. ती सवय मोडायला मला दोन वर्षं लागली. नंतर मी चौतीस वर्षं लिफ्ट दुरुस्त केल्या. लिफ्टमध्ये माणसं एकमेकांकडे बघत नाहीत, दारावरच्या आकड्यांकडे बघतात, आणि मला ते हळूहळू फार सोयीचं वाटायला लागलं होतं. ज्या गोष्टीला दोन वर्षं लागली ती आपण इतकी पक्की शिकलो की आता इथेही विसरलो, याचं मला त्या बसमध्ये जेवढं नवल वाटलं तेवढीच लाजही वाटली.

खरं तर बोटीतून उतरायचं नाही असंच मी ठरवलं होतं. मॉरीन, माझी बायको, जाऊन दोन वर्षं झाली होती. अशा सहलीच्या बोटीवर जायची तिची हौस होती. ती गेल्यावर मी एकट्याचं तिकीट काढलं, आणि कागदावर बंदरांची नावं वाचताना आठव्या दिवसापुढे ग्रेनाडा दिसलं तेव्हा ते मी दुसऱ्या कुणाचं गाव असल्यासारखं वाचून पान उलटलं. सकाळी न्याहारीच्या टेबलावर शेजारच्या जोडप्याने विचारलं, आज काय बेत? मी म्हणालो, आराम. ती म्हणाली, आम्ही धबधबा बघायला जातोय. त्या धबधब्यात मी पोहायला शिकलो हे मी त्यांना सांगितलं नाही. मग डेकवर उभा राहिलो, आणि समोरच्या टेकडीवरची लाल छपरं बघता बघता मला एकच प्रश्न पडला, आणि तो जाईना. आमच्या घराला आता कुठला रंग असेल? बस, एवढंच. मी निघालो तेव्हा हिरवा होता. बसने ग्वावपर्यंत, आमच्या गावापर्यंत जायचं, खिडकीतून रंग बघायचा, त्याच बसने परत यायचं. कुणाला भेटायचं नाही. भेटायला तोंड नव्हतं. पाचला बोट सुटणार होती, हाताशी अख्खा दिवस होता, आणि घराचा रंग बघण्यात कुणाचं काय जातं, असं मी स्वतःला समजावलं.

नऊ वाजता रेडिओवरच्या बातम्या संपल्या आणि चर्चमधला बाजा वाजायला लागला. ड्रायव्हरने आवाज वाढवला. बस पुन्हा गप्प झाली, पण ही शांतता वेगळी होती. तीच धून, पन्नास वर्षांनी तीच. या वेळी आमच्याकडे स्वयंपाकघरातला चमचा हवेत थांबतो. गेलेल्यांची नावं वाचतात. पहिला कुणी सुतार होता. दुसरं नाव ऐकून माझा हात पुढच्या बाकाच्या दांडीवर गेला. ग्वावच्या युडोरा काडोर, ज्यांना सगळे टँटी डोरा म्हणून ओळखत, यांचं सत्त्याण्णवाव्या वर्षी राहत्या घरी निधन झालं. माझ्या मनात ती वीस वर्षांपूर्वीच गेली होती. मीच तिला केव्हातरी गुपचूप पुरून टाकलं होतं, म्हणजे मग आठवण काढावी लागत नाही. आणि ती तर परवापर्यंत होती. कुणीतरी परवापर्यंत तिचे केस विंचरत होतं. त्यांच्या पश्चात, बाई वाचत होती, भाची फिलोमेना, ऊर्फ फिलो, घरी. भाचे केल्विन आणि सिप्रियन, ब्रुकलिन. भाची मोना, टोरांटो. आमच्याकडे नावापुढे गाव सांगतात, आणि जे कुठेच गेले नाहीत त्यांच्यापुढे 'घरी' म्हणतात. मग नातवंडं, अकरा धर्मपुत्र, जायफळं निवडायच्या स्टेशनवरच्या बायका, शेजारचा ऑगस्टीन आणि त्याचं कुटुंब. मी वाट बघत होतो. भाचा आल्बन. आता येईल. मोनानंतर नाही तर नातवंडांआधी येईल. नंतर दिवंगतांची नावं आली, माझे वडील, माझी आई, काका. तिथेही मी नव्हतो. अंत्ययात्रा उद्या दुपारी दोन वाजता. बाजा पुन्हा वाजला आणि मिस ऑर्टन्सने छातीवर क्रूस काढला.

मला वाईट वाटायला हवं होतं. वाटलंही असेल, पण सगळ्यांत आधी वाटलं ते कुतूहल, आणि तेही चिकट, लहान मुलासारखं. मी जिवंतांत नव्हतो आणि मेलेल्यांतही नव्हतो, मग होतो कुठे? आमच्याकडे या यादीवरून घरं फुटतात. कुणाचं नाव आधी, कुणाचं मागे, कुणाचं गाळलं, यावरून सख्खे भाऊ वर्षानुवर्षं बोलत नाहीत. यादीत चुकून काही होत नसतं. की बसच्या खडखडाटात मीच एक नाव ऐकायचं चुकलो? दुपारी साडेबाराला यादी पुन्हा वाचतात, संध्याकाळी चारला पुन्हा. मला ती पुन्हा ऐकायची होती. ग्वावची मासळीबाजाराची इमारत दिसली आणि मी म्हणालो, "थांबवता का जरा, प्लीज?" ड्रायव्हरला ऐकू गेलं नाही. बाजार मागे पडला. "अहो मिस्टर, प्लीजने बस थांबत नाही," म्हणत मिस ऑर्टन्सने अंगठीच्या हाताने खिडकीवरच्या पत्र्यावर टक टक ठोकलं, आणि बस जागच्या जागी उभी राहिली. उतरताना मी तिचे आभार मानले. "दुपारी साडेतीनला हीच गाडी परत येते," ती म्हणाली. "मी असणार आहे. तोवर ठोकायला शिका."

बाजाराशेजारी इडालिया नावाच्या बाईचं रमचं दुकान होतं. पाटीवर नाव होतं म्हणून मला कळलं. मी गेलो तेव्हा तिचा जन्म झालेला नसणार. आत शिरताना मी इतक्या जोरात 'गुड मॉर्निंग' म्हणालो की तिच्या हातातलं फडकं पडलं. "देवा! बहिरी नाही रे बाबा मी," ती म्हणाली. मी आल्याची बिअर मागितली, आणि तळलेल्या पोळ्या आणि खारा मासा. पहिला घास घेतला आणि जीभ माझ्याआधी घरी पोचली. डोळ्यांत पाणी आलं ते मी मिरचीवर ढकललं. मग तीन तास बसलो. सुट्टीवरच्या माणसाने बसावं तसाच बसलो होतो, पाय लांब करून, समुद्राकडे तोंड करून, आणि येणारा-जाणारा मला तसाच बघत होता. होड्यांना नवे रंग होते, जाळी नायलॉनची होती, पण माशांच्या भावावरून घासाघीस करणाऱ्या बायकांचा सूर तोच होता. कितीतरी चेहरे ओळखीचे वाटत आणि ती माणसं वयाने चाळिशीची असत, म्हणजे मी त्यांच्या आजोबांना ओळखत होतो. मला हे आवडत होतं, हे कबूल केलं पाहिजे. आपण नसलेल्या जागी बसून ती जागा आपल्यावाचून कशी चालली आहे ते बघायला मिळणं, हे सगळ्यांना कुठे मिळतं?

इडालियाने नाव विचारलं तेव्हा मी जॉन्सन सांगितलं. तिने टँटी डोराचा विषय आपणहून काढला, सगळा गाव त्याच विषयावर होता. "शंभर करेल असं वाटलं होतं. तीन वर्षं कमी पडली. फिलोने केलं हो तिचं, शेवटपर्यंत. एकटीने." मी विचारलं, "बाकी कुणी नव्हतं का?" "होता ना. भाऊ होता एक. झाबो." ते नाव मी पन्नास वर्षांत ऐकलं नव्हतं. "शेजाऱ्याच्या झाडावरचे झाबोका चोरायचा, म्हणून झाबो. तुमच्याकडे अवाकाडो म्हणतात बघा. विलायतेला गेला. पोचलो की फिलोला बोलावून घेतो म्हणाला. असंच असतं, पहिला जातो तो दुसऱ्याला बोलावतो. तिची बॅग दोन वर्षं खाटेखाली भरून तयार, आई सांगायची माझी." मी विचारलं, "मग?" "मग काय! मेला म्हणे तो. कुणी म्हणतं थंडीने गोठला, कुणी म्हणतं लिफ्टमध्ये अडकून गेला, कुणी म्हणतं एका गोरीने त्याच्याशी लग्न केलं. माझं म्हणणं, तिन्ही झालं असेल." ती स्वतःच हसली आणि मीही हसलो. हसता हसता मला कळलं की या तिन्ही बातम्या इथवर पोचल्या म्हणजे कुणीतरी माझी चौकशी करत होतं, एकदा नाही, पुन्हा पुन्हा. मॉरीन गोरी होती. लिफ्टमध्ये मी खरोखरच एकदा सहा तास अडकलो होतो. आणि थंडीचं तर काय सांगावं.

का बोलावलं नाही मी फिलोला? पहिल्या वर्षी एकच खोली होती, तीही आणखी दोघांबरोबर. ते खरं कारण होतं. दुसऱ्या वर्षी मी पत्रात लिहिलं, पुढच्या वर्षी नक्की. तिसऱ्या वर्षी मॉरीन भेटली. पण ही सगळी कारणं मी नंतर रचून नीट मांडून ठेवली. खरं इतकंच होतं की जिथे मला कुणी ओळखत नाही अशा गावी एकट्याने राहणं मला आवडायला लागलं होतं. सकाळी कुणाला काही म्हणावं लागत नाही. झाबो म्हणून कुणी हाक मारत नाही. फिलो आली असती तर तिच्याबरोबर सगळे आले असते, टँटी, कोंबड्या, सगळं. मग पत्र लिहायची लाज वाटू लागली, आणि लाजेचं असं असतं की ती जितकी जुनी तितकी उचलायला जड. हे मी मॉरीनलाही कधी सांगितलं नव्हतं. तिला वाटायचं मला कुणी नाहीच.

साडेबाराला इडालियाने पंखा बंद केला, दारातल्या दोघांना गप्प केलं, रेडिओ मोठा केला. बाजा वाजला. मी टेबलाखाली बोटं मोजत होतो. फिलोमेना, ऊर्फ फिलो, घरी. केल्विन, सिप्रियन. मोना, टोरांटो. मग नातवंडं. या वेळी खडखडाट नव्हता, एकेक नाव स्वच्छ ऐकू आलं. मी नव्हतो. "भावाचं नाव नाही वाचलं," मी म्हणालो, शक्य तितक्या सहज. इडालिया म्हणाली, "नाहीच वाचत." मी म्हणालो, "विसरली असेल बहीण." तिने माझ्याकडे असं पाहिलं, जणू मी काहीतरी मूर्खपणाचं बोललो होतो. "फिलो? मिस्टर जॉन्सन, चाळीस वर्षं तिने स्टेशनवर जायफळं निवडली. एक किडकं तिच्या हातून पुढे गेलं नाही आणि एक चांगलं तिने फेकलं नाही. ती विसरत नाही." मग फडकं खांद्यावर टाकून ती म्हणाली, "पण मलाही एकदा तिला विचारायचंय, का ते. धाडस होत नाही." मी पैसे दिले आणि उठलो. मलाही विचारायचं होतं, आणि या गावात दुसऱ्या कुणापेक्षा जास्त हक्क मला होता, किंवा अजिबातच नव्हता.

घर चढावर आहे. तीन बाजू हिरव्याच होत्या, उडालेल्या, माझ्या वेळच्याच असाव्यात इतक्या जुन्या; समोरची भिंत मात्र पिवळी, आणि ती ओली होती. उद्यासाठी शेजाऱ्यांनी रंग लावला असणार, बादली पायरीपाशीच होती. म्हणजे माझ्या प्रश्नाचं उत्तर काल आलो असतो तर एक होतं आणि आज दुसरं. अंगणात भाड्याच्या खुर्च्या एकीत एक घालून ठेवल्या होत्या. जेवणाची वेळ, कुणी दिसत नव्हतं. आमच्याकडे फाटक ढकलून आत जात नाहीत. रस्त्यावर उभं राहून 'आतल्यांनो!' अशी हाक द्यायची असते आणि आतून कुणी विचारेपर्यंत थांबायचं असतं. मी दहा मिनिटं नुसता थांबलो, हाक न देताच. एक कुत्रा आला, हुंगून गेला. परत जायला अजून वेळ होता, रंगही बघून झाला होता. मग माझ्या तोंडून एकदम निघालं, "आतल्यांनो! गुड मॉर्निंग!"

आत भांड्याचा आवाज थांबला. मग एक आवाज आला, जाडसर, थकलेला, मला अनोळखी. "दीड वाजलाय," आवाज म्हणाला. "पन्नास वर्षं झाली, अजून तुला सकाळ-दुपार कळत नाही. ये. भिंतीला हात लावू नकोस, ओली आहे."

फिलो स्वयंपाकघरात टेबलाशी बसली होती. केस पांढरे, कानावर पेन्सिल, समोर कागद. उद्या कोणती भजनं, कोण वाचणार, कोण खांदा देणार. तिने मला वरपासून खालपर्यंत पाहिलं, मोज्यांवरच्या सँडलपाशी थोडी जास्त थांबली. मिठी वगैरे काही मारली नाही. "हात धू," म्हणाली, आणि कोकोचा चहा उकळत ठेवला. मी हात धुतले. पलीकडच्या खोलीत टँटीची खाट रिकामी होती, चादर घट्ट ओढलेली. मग मी सगळ्यांत मूर्ख गोष्ट बोललो. "यादीत माझं नाव नाही."

"नाही," फिलो म्हणाली.

"विसरलीस?"

"विसरले?" ती माझ्याकडे वळली. "रेडिओवाले तीन गोष्टी विचारतात. नाव काय, कशाने ओळखतात, कुठला. पहिल्या दोन मला पाठ आहेत. तिसरीचं काय करू? दिवंगत सांगितलं आणि तू जिवंत निघालास तर अख्ख्या बेटासमोर मी खोटी पडले. हल सांगितलं आणि तू मेलेला असलास तरी तेच. मी काही तुझ्यावर रागावून नाव गाळलं नाही. रागावलेय, पण म्हणून गाळलं नाही. रेडिओवर मी खोटं बोलत नाही."

मी चहाकडे बघत म्हणालो, "मी तुला बोलावलं नाही." हे एवढं वाक्य म्हणायला मला आयुष्य लागलं, आणि ते इतकं लहान निघालं की माझं मलाच नवल वाटलं.

"नाहीस बोलावलं," ती म्हणाली. "पहिली दोन वर्षं मी पोस्टमनची वाट बघितली. तिसऱ्या वर्षी स्टेशनवर मला निवडणाऱ्या बायकांची मुकादम केलं, आणि मग पोस्टमन दिसला की मी मागच्या दाराने सटकायचे, तुझं पत्र असलं तर जावं लागेल म्हणून. बॅग मीच रिकामी केली, कुणी सांगितलं नाही मला. पण म्हणून तू सुटलास असं समजू नकोस. तू बोलावलं नाहीस ते नाहीसच. ते मी माफ केलेलं नाही. मला यायचं नव्हतं हेही खरं आणि तेही खरं. पी, गार होतोय."

मी प्यायलो. ती टँटीबद्दल बोलत राहिली, शेवटी शेवटी ती कुणालाच ओळखत नव्हती, पण कुणी न बोलता आत आलं की मात्र बरोबर ओळखायची आणि हाकलायची. डॉक्टरलाही एकदा फाटकापर्यंत परत पाठवलं. आम्ही दोघं हसलो, एकदम, एकाच जागी. मग बंदराच्या बाजूने भोंगा ऐकू आला असं मला वाटलं. इतक्या लांबून येणं शक्य नव्हतं. फिलो म्हणाली, "उद्या दोनला आहे." मी म्हणालो, "बोट आज पाचला सुटते." "बोटी पाचलाच सुटतात," ती म्हणाली, आणि राहा असं म्हणाली नाही. मी वाट बघितली, ती म्हणाली नाही. निघताना तिने फडक्यात चार पोळ्या बांधून दिल्या आणि कानावरची पेन्सिल काढली. "चारच्या यादीसाठी अजून सांगता येतं. आता तू जिवंत आहेस हे मी डोळ्यांनी पाहिलंय. काय सांगू? कुठला?"

"हल," मी म्हणालो. "आल्बन काडोर, हल, इंग्लंड."

तिने कागदावर काहीतरी लिहिलं. "जा आता, बस चुकेल. मी फोन करते," ती म्हणाली, आणि मी फाटकाबाहेर पडेपर्यंत दारात उभी राहिली.

बसमध्ये चढताना मी 'गुड आफ्टरनून' म्हणालो, नीट, कुणाकडेही न बघता पण सगळ्यांना. सगळ्यांनी उत्तर दिलं. "शिकला हो," जांभळी टोपी म्हणाली आणि माझ्यासाठी सरकून जागा केली. ऊन समुद्रावरून तिरपं आत येत होतं. मला बरं वाटत होतं, अगदी हलकं. जे करायला नको म्हणत होतो ते करून झालं होतं. नाव यादीत जाणार होतं, बहिणीला भेटलो होतो, पाचला बोटीवर, सातला जेवण. आठव्या मजल्यावरच्या माझ्या खोलीत पासपोर्ट होता, रक्तदाबाच्या गोळ्या होत्या, मॉरीनचा फोटो होता. न्याहारीच्या टेबलावरची माणसं धबधब्याबद्दल सांगतील. मी पोळ्यांची पुरचुंडी मांडीवर धरून बसलो होतो आणि ती अजून गरम होती.

चार वाजता बाजा वाजला. ड्रायव्हरने आवाज वाढवला. सुतार झाला, मग टँटी डोरा. त्यांच्या पश्चात, बाई वाचू लागली, भाची फिलोमेना, ऊर्फ फिलो, घरी. भाचा आल्बन, ऊर्फ झाबो, घरी. भाचे केल्विन आणि सिप्रियन, ब्रुकलिन.

मिस ऑर्टन्सने टोपलीवर हात आपटला. "झाबो! ऐकलंत? झाबो घरी आहे! मेला मेला म्हणत होते, सकाळच्या यादीत नव्हता, आणि बघा, आला. म्हातारीसाठी आला शेवटी." पुढून कुणीतरी विचारलं, हा कोण झाबो, आणि मागून कुणीतरी सांगायला लागलं. ड्रायव्हर म्हणाला, उद्या बघायला हवा. मिस ऑर्टन्स माझ्याकडे वळली, तिचा चेहरा आनंदाने फुलला होता. "बघा मिस्टर, आमची माणसं येतात हो. कितीही उशीर होऊ दे."

मी हल म्हणालो होतो. स्वच्छ म्हणालो होतो, इंग्लंडही म्हणालो होतो. तिने ऐकलं होतं, लिहिलंही होतं, माझ्या डोळ्यांसमोर. आणि मी चढाव उतरत असताना तिने फोन उचलून रेडिओवाल्यांना हे सांगितलं होतं. या वेळी सगळ्या बेटावर चमचे थांबले होते. इडालियाने ऐकलं होतं, स्टेशनवरच्या बायकांनी ऐकलं होतं, ऑगस्टीनने हातातला रंगाचा ब्रश खाली ठेवला असेल. जिने किडकं जायफळ कधी पुढे जाऊ दिलं नाही, तिने आयुष्यात पहिल्यांदा रेडिओवर एक खोटी गोष्ट सांगितली होती, किंवा अजून तरी ती खोटी होती, आणि बस जसजशी शहराकडे जात होती तसतशी जास्त खोटी होत होती. मला तिचा राग आला. मग मला रडू आलं. शहराजवळचं ग्रां मालचं वळण लागलं आणि समोर बंदरात बोट दिसली, पांढरी, शहरातल्या कुठल्याही घरापेक्षा उंच, आणि जिन्यावरून परत चढणारी पांढऱ्या टोप्यांची रांग. माझी टोपी माझ्या डोक्यावर होती. ती मी काढली.

मग हात वर करून खिडकीवरच्या पत्र्यावर बोटाने ठोकलं. आवाजच झाला नाही. रेडिओवर अजून बाजा वाजत होता आणि ड्रायव्हर पुढे बघत होता. मी हाताची मूठ केली आणि पुन्हा ठोकलं, दोनदा, जितक्या जोरात ठोकता आलं तितक्या जोरात.

"अहो, हळू! पत्रा फुटेल," मिस ऑर्टन्स म्हणाली, आणि बस थांबली.